निळी बॅग आपल्या दुकानातली नाही, त्याचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा रक्तदाब आणि भाऊजींचा गुडघा दोन्ही काबूत असतील, असं धरून चालतो. (गुडघा शेकताना ते पेपर वाचतात आणि चटका बसला की तुझ्यावर ओरडतात, तेवढा पेपर काढून घेत जा.) इकडे मी ठीक. तुझी भावजय सोमवारपासून तुझ्याचकडे आहे, तेव्हा तिची खुशाली तूच मला कळवायची.

तिच्यासोबत आलेली निळी बॅग तू पाहिली असशीलच. ती आपल्या दुकानातली नाही. बाबांनी उभं केलेलं बॅगांचं दुकान, आणि त्या घरची सून परक्या दुकानातली बॅग ओढत तुझ्या दारात उभी, म्हटल्यावर तू काही बोलल्याशिवाय राहिली नसशील, आणि तीही उत्तर दिल्याशिवाय राहिली नसेल. तिची बाजू ऐकून झाली असेल, आता माझी ऐक.

मंदीचं तुला ठाऊक आहे. आपला धंदा असा की माणूस कुठेतरी निघाला तरच आपल्याकडे येतो, आणि यंदा कोणी कुठे निघतच नाही. लोक येतात, चाकं फिरवून बघतात, चेन तीनदा उघडतात-मिटतात आणि ‘जुनीच शिवून घेऊ’ म्हणत जातात. एका आठवड्यात एकच बॅग खपली, तीही गिऱ्हाईक परत घेऊन आलं. प्रवास रद्द झाला म्हणे. (आत अर्धा वापरलेला साबण निघाला. साबण चांगला होता.)

तेव्हा समोरचा चष्मेवाला मला त्यांच्या व्यापारी मंडळात घेऊन गेला. दर बुधवारी सकाळी साडेसहाला एका हॉटेलच्या हॉलमध्ये वीस-बावीस धंदेवाले जमतात. प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा, मिनिट संपलं की घंटा वाजते. मग एकमेकांना ‘रेफरन्स’ द्यायचे, म्हणजे आपल्या ओळखीतलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. सगळेच विकायला आलेले, घ्यायला कोणीच नाही. पहिल्या बुधवारी मी बाबांपासून सुरुवात केली, आणि बाबा दुकानाची जागा बघायला निघाले तेवढ्यात घंटा वाजली.

रेफरन्स दिला नाही तर पुढच्या वेळी सगळ्यांसमोर विचारतात. माझ्या ओळखी किती, तुला माहीत आहे. विमावाल्याला मी शेजारी दिले, दातांच्या डॉक्टरला सासरेबुवा दिले (त्यांना दात नाहीत हे त्याला तिथे गेल्यावर कळलं), आणि ब्रॉडबँडवाल्याला देण्यासारखं कोणीच उरलं नाही म्हणून स्वतःला दिलं. तो बिचारा खूश झाला. दोन माणसं आली, भिंतीला भोक पाडलं, हिरवे दिवे लावून गेली. एवढं जोरदार इंटरनेट घेऊन करायचं काय, म्हणून मंडळातल्याच एकाकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली. आता बॅगा जगभर दिसू लागल्या. जगाने पाहिल्या, चेन उघडता येत नाही म्हटल्यावर पुढे गेलं.

मग एका बुधवारी मला ताप आला. गैरहजर राहायचं तर बदली माणूस पाठवावा लागतो, म्हणून ही गेली. तिथे काय झालं ते मला बऱ्याच नंतर चष्मेवाल्याकडून कळलं. ही उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं बॅगांचं दुकान आहे. तुम्हाला कोणाला बॅग नकोय, हे मला दिसतंय. पण वीस वर्षं मी चिडून आलेली गिऱ्हाइकं शांत करून परत पाठवली आहेत. असं माणूस कोणाला लागत असेल तर मी आहे.” आणि बसली. अर्धं मिनिट शिल्लक होतं. घंटेवाला घंटा हातात धरून तसाच राहिला. चहा यायच्या आत ब्रॉडबँडवाल्याने तिला तक्रार विभागात नोकरी दिली. तीन आठवडे प्रशिक्षण, तेही तुझ्या गावातल्या मुख्य कार्यालयात.

नोकरी लागली हे मला कधी कळलं? कुरिअरवाल्याने दुकानात भलंमोठं खोकं आणून ठेवलं तेव्हा. मला वाटलं, आपल्याच वेबसाइटवरून गेलेला माल परत आला. (गेलाच नव्हता, पण आशा असते.) उघडलं तर निळी बॅग, आणि वर हिचं नाव.

“आपल्याकडे चाळीस बॅगा धूळ खात पडल्यात,” मी म्हणालो.

“आधी आपल्याच वेबसाइटवर गेले होते,” ती म्हणाली. “निळी बॅग दाबली की चष्मेवाल्याचा फोटो येतो.”

“मग खाली दुकानात यायचं.”

“आले होते. नोकरीचंही सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, थांब, रेफरन्स लिहितोय.”

सोमवारी स्टेशनवर ती बॅग मीच ओढत नेली. चाकांचा जरासुद्धा आवाज नाही. आपल्या बॅगा खडखडतात. तिला हे सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

हिची नोकरी माझ्या खात्यात धरून मंडळाने मला ‘महिन्याचा उत्कृष्ट रेफरन्स’ म्हणून मानपत्र दिलं. दुकानाच्या काचेत लावलं आहे. काल एका बाईंनी त्याची किंमत विचारली.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मी तिच्यावर रागावलेलो नाही. तिने विचारलं तर थोडासा रागावलोय म्हण.

आणखी एक. आपल्या दुकानाची इंटरनेटची लाइन चार दिवस बंद आहे, म्हणून पत्र पोस्टाने. तक्रारीला फोन केला तर हिनेच उचलला. शिकाऊ लोकांचे फोन वरचे साहेब ऐकतात, त्यामुळे तिने माझा ग्राहक क्रमांक विचारला. मी दिला. चोवीस तासांत माणूस येईल, आणखी काही मदत करू का, म्हणाली. मी विचारलं, घरी कधी येणार? ती म्हणाली, “त्याची नोंद आमच्याकडे नाही, सर.” मग समाधानासाठी एक ते पाच दाबायला सांगितलं. मी पाच दाबलं.

माणूस काही आला नाही. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. पत्र मिळेल त्या रात्री जेवताना तिला सांग, तक्रार अजून तशीच आहे.