पुढची सीट

अल थुमामा, दोहा

कमांडरसाहेब,

आपण कायम हिंदीतच बोललो, पण हे मला मराठीतच कबूल करता येईल. तुम्ही तर गेलात, आता पाठवू तरी कुठे?

अफगाणिस्तानात रशियनांशी लढताना आणि पुढे तिथेच गव्हर्नर झाल्यावरही तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारीच बसायचात. "सुरुंग फुटला तर तो एकटा का मरेल?" म्हणायचात. देश सुटल्यावर दोहात आलात; इथे कसले आलेत सुरुंग? तरी माझ्याही शेजारीच बसलात.

मग तिकडे तुमच्या खोऱ्यातली ताजिक पोरं पुन्हा लढायला उभी राहिली, आणि सत्तरीत तुम्ही निघालात. आदल्या दिवशी तुमच्या लेकीने माझ्यापुढे हात जोडले, "संपतभाई, बाबांना जाऊ देऊ नका."

विमानतळाच्या वाटेवर मी मुद्दाम गाडी बंद पाडली. "इंजिन गेलं, साहेब." विमान चुकलं, आणि गाडी एका चावीत सुरू झाली.

पुन्हा तुमचं जाणं जमलंच नाही, आणि यात लेकीचं नाव मी कधी घेतलं नाही. पुन्हा ती सकाळ आली, तर पुन्हा तेच करीन.

तुम्ही शिवी दिली असती तरी चाललं असतं. तुम्ही खाली उतरलात, मागचं दार उघडलंत आणि मागे बसलात. शेवटपर्यंत मागेच बसलात.

तुमचा ड्रायव्हर,
संपत