छतावरच्या रेल आणि मांडीवरचं खापर

प्रिय आक्का,

आखाजी झाली. अक्षय्य तृतीयेची तुझ्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली आणि हात जोडले. गेल्या आखाजीलाही एवढंच केलं होतं. पण या वेळी हात जोडून मन भरेना, म्हणून कागद घेऊन बसलोय. तुला काही सांगायचंय, आणि त्याहून जास्त विचारायचंय. समोर होतीस तेव्हा का विचारलं नाही म्हणशील. काय सांगू? तेव्हा माझं नाक वर होतं!

झालं असं, की सुभाषचा निरोप आला. "मामा, आईची वॅगन गाडी भंगारवाल्याला दिली. परवा न्यायला येतोय. छतावर सामान बांधायच्या रेल तुम्ही केलेल्या, लागत असतील तर काढून घ्या." पोरगा तरी काय करणार? इंजिनात जीव नाही, दारं दोरीने बांधलेली. अंगणात चिंचेखाली उभी राहून राहून तिच्या बोनेटवर कोंबड्या झोपायला लागल्या.

मी पान्यांची पिशवी आणि रॉकेलची बाटली घेतली आणि पारोळ्याहून एरंडोलची एसटी धरली. वाटेत एकच विचार. जे काम तुला कधी पटलंच नाही, ते आता मी माझ्याच हाताने उतरवणार!

होय आक्का, मला इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

आठवतं का, तू दुकानात आलीस तो दिवस? मी खिडकीची जाळी जोडत होतो. तू चहासुद्धा घेतला नाहीस. उभ्या उभ्या म्हणालीस, "बापू, आपली गाडीले वर सामान ठेवाले काहीतरी करी दे. पिंपळनेरनं लगन शे." बस, एवढंच. आणि मी ऐकलं काय? मी ऐकलं की आक्काला खापर ठेवायला जागा हवी. मांडे करणाऱ्या बाईचं सामान म्हणजे खापरच ना! ते उलटं, मोठं, मातीचं भांडं आचेवर टिकतं, पण एसटीच्या एका खड्ड्याला फुटतं. म्हटलं, आता असं काम करतो की खापराला वाटावं आपण कुंभाराच्याच घरी आहोत.

जळगावच्या कुणा डॉक्टरांनी वापरून सोडलेली ती लांबलचक वॅगन. तिच्या छतावर कॅरियर कधी नव्हतंच. छत वर फुगीर, पुढे उतरतं. सरळ पाइप टेकायचा तर मधे टेकतो आणि टोकांना अधांतरी. मग मी जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवून छताचा आकार उतरवला, पाइपात वाळू ठासून भरली, म्हणजे वाकताना तो चेपू नये, आणि भट्टीवर हळूहळू वाकवला. कुठे शिकलो म्हणून विचारायचे लोक. शिकणार कुठे? तू कणीक मळताना आधी पाण्याचा अंदाज घ्यायचीस, तसा मी लोखंडाचा घेतला.

पुढच्या बाजूला छताच्या कडेची पन्हळ धड होती, तिला पकडी बसवल्या, खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर घातलं. मागची पन्हळ मात्र गंजून पापडासारखी झालेली. तिथे छताला भोकं पाडण्यावाचून इलाज नव्हता. ड्रिल हातात घेतलं आणि तू ओरडलीस, "थांब रे! तिना डोकाले भोक पाडस, आधी हळद-कुंकू तरी लाव!" आणि खरंच घरात जाऊन कोयरी घेऊन आलीस. सुभाष हसून हसून लोळायचा बाकी होता. तू त्याला म्हणालीस, "हास तू. उद्या पानी टपकनं म्हंजे तुनाच डोकावर टपकी." आतून लोखंडी पट्टी, वरून रबर आणि डांबर. त्या भोकांतून पाणी कधी गळलं का गं? हाही माझा एक प्रश्न आहे, पण बारका.

रेल बसल्या, आडव्या पट्ट्या बसल्या. मग मी माझी खरी कारागिरी केली. खापरांसाठी दोन गोल कडी, सुतळीने गुंडाळलेली, आत पेंढ्याची चुंबळ. मजबुतीची खात्री म्हणून मी स्वतः वर चढून बसलो आणि सुभाषला बाजार समितीला फेरी मारायला लावली. कापसाच्या गाड्यांवरची माणसं ओरडली, "ओ भाऊ, वरात कोनी? नवरी कोठे शे?" एक जण तर म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड!" माझी छाती मात्र फुगलेली.

आणि पिंपळनेरला निघायच्या सकाळी तू काय केलंस? परात वर. पातेली वर. लाकडी पाट, पिठाचं पोतं, बायकांची गाठोडी, सगळं वर. दुसरं खापर मागे पेंढ्यात ठेवलंस, आणि मोठं खापर घेतलंस मांडीवर! माझ्या त्या दोन कड्यांत कुणाच्या तरी चपलांची पिशवी कोंबलीस!

मी म्हटलं, "आक्का, ती कडी खापरासाठी आहेत."

तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे रे, माले आसंच बरं वाटस."

गाडी निघाली. वाऱ्याने पाइपाच्या उघड्या टोकांतून शिटी घुमली, आणि मी रस्त्यात पाना हातात घेऊन उभा. पुढे पाइपाची टोकं बाभळीच्या खुट्ट्यांनी बंद करून दिली, पण खापराचा विषय मी पुन्हा काढला नाही. तूही काढला नाहीस. वर्षानुवर्षं तुझी गाडी पारोळ्यावरून धुळ्याकडे, साक्रीकडे जायची. मी दुकानातून बघायचो. पातेली वर, खापर मांडीवर. मनात यायचं, हिला माझ्या हाताचा भरवसा नाही.

परवा एरंडोलला नटांवर रॉकेल सोडून बसलो होतो, तर काठी टेकत सिंधूबाई आली. तुझी सिंधूबाई! तू खापरापाशी आणि ती पुरणापाशी, अशी जन्माची जोडी. आता पार वाकलीय, पण जिभेला गंज नाही.

"बापू, काय उकली राह्यना?"

"रेल काढतोय. भंगारात चालल्या."

"भंगारमा? हाई?"

तिने दाराची दोरी सोडली, कोंबड्या हाकलल्या, मागच्या सीटवर चढली आणि दोन्ही पाय सीटवर सरळ लांब केले. पदर नीट केला. म्हणाली, "लाव आते दरवाजा."

"कुठे जायचंय?"

"पिंपळनेर!" म्हणाली आणि हसली. मग हसता हसता थांबली. "हाई बठ्ठं मना गुडघासाठे करेल शे, बापू. तुले ठाऊक नही?"

आक्का, हे सगळं तिच्या गुडघ्यांसाठी? मी पाना खाली ठेवला.

मग तिने सांगितलं. त्या लग्नसराईच्या आधी ती तुला म्हणाली होती, "आते मी येत नही. पातेलासमा पाय दुमडीसन बसनं मनाथून व्हत नही." तिकडे पोचल्यावर तिला उतरवायला दोघी लागायच्या, आणि तशाच गुडघ्यांनी रात्रभर पुरण वाटायचं. तू समजूत घातली नाहीस, आग्रह केला नाहीस. एवढंच म्हणालीस, "मंग मी बी जात नही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात!

म्हणजे पिंपळनेरचं लग्नच नाही, तुझं सगळं कामच त्या दिवशी अडलं होतं, आणि मी तिकडे चुंबळ विणत होतो!

मी विचारलं, "मग आक्काने मला का नाही सांगितलं?"

"सांगनार व्हती. पन तू खापरनं घर बनाई राह्यंता ना! ती म्हने, कितला हौसथीन करी राह्यना, त्याले काही बोलजो नको."

बघ! हौस मोडू नये म्हणून तू गप्प, आणि तू गप्प म्हणून मी रुसलेला. दोन शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं? आणि मी तरी! छताचं माप घेतलं, पाइपाचं घेतलं, खापराचा घेर दोरीने मोजला. गाडीच्या आत एकदा डोकावलो असतो तर? माझं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं.

आता माझेही गुडघे बोलतात आक्का. त्या दिवशी एसटीतून उतरताना कंडक्टरने हात दिला. सिंधूबाईचे लांब केलेले पाय पाहिले आणि मला त्या रेल पहिल्यांदा नीट दिसल्या. मी वर काही ठेवायला केल्या होत्या. तू खाली जागा करायला करून घेतल्या होत्यास.

पण मांडीवरच्या खापराचं काय? जागा झाली होती, कडी होती, मागे पेंढा होता. तरी पिंपळनेरपर्यंत ते ओझं मांडीवर का? लेकरासारखं वाटायचं का? की हात रिकामे नको होते? की नुसती सवय? सिंधूबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी बी कधी इचारं नही." जन्मभर शेजारी बसली, तीही विचारायची राहिली! आता कुणाला विचारू, सांग.

रेल मी भंगारात जाऊ दिल्या नाहीत. दुकानात आणल्यात, गंज घासून काढलाय. मांड्यांचं काम आता सिंधूबाईची सून करते. भाड्याच्या पत्र्याच्या टपाच्या जीपमध्ये चौघी बायका, आणि पायांत तीच पातेली.

तर आक्का, तुला शब्द देतो. या रेल त्या जीपवर बसतील. पाइप कापावा लागेल, नवा वाक द्यावा लागेल, ते मी बघेन. पण या वेळी आधी टेप काढणार नाही. आधी मागच्या सीटवर, पातेल्यांमध्ये पाय दुमडून, पारोळ्याहून धुळ्यापर्यंत बसून जाईन. जिथे दुखेल तिथून माप घेईन. आणि एखादीच्या मांडीवर खापर दिसलं, तर ते काढून वर ठेवायला सांगणार नाही. शेजारी बसेन आणि विचारेन, बाई, हे मांडीवर का?

तुझा धाकटा,
बापू