पायाळू माणसाचे हात

आप्पा, आज आमच्या लॅबमधल्या एका बाईंची कंबर धरली. सूत गुंडाळलेल्या कोनांचा क्रेट उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या, ना उठता येईना ना बसता. पॅकिंगमधून कुणीतरी ओरडलं, "अरे, इथे कोणी पायाळू आहे का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील होते." मग त्या बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मी दिवसभर माझ्याच त्या वाक्यापाशी अडकून राहिले. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. मी सत्तावीसची झाले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती आज लिहायला बसले आहे. पण सरळ तिच्यावर यायची हिंमत होत नाही, तेव्हा जरा लांबून येते. तुम्हाला माझी सवय आहेच.

जन्मताना तुमचे पाय आधी बाहेर आले, एवढ्या भांडवलावर तुम्ही सिल्वासातल्या आमच्या आमलीच्या चाळीचे वैद्य झाला होतात. धुळ्याकडचं गाव सोडून राखोलीच्या सूत कारखान्यात मशीनवर लागलात, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते तुमच्या उजव्या पायामुळे. सकाळी तुमची आंघोळ व्हायच्या आत गॅलरीत कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. तो शेजारच्या खोलीतला बिहारी वेल्डर तर दर महिन्याला यायचा. "चाचा, एक लात मार दो ना, ड्यूटी पे जाना है." तुम्ही कानाला हात लावून म्हणायचात, "लात नाही रे बाबा, नुसता पाय लावायचा असतो." मग तीनदा हलकेच पाय लावायचात, आणि तो माणूस खरंच उठून चालायला लागायचा. आई आतून म्हणायची, "उघडला यांचा दवाखाना. आता चहा कोण, मीच करायचा." मला तुमच्या पायाचं काही खरं वाटायचं नाही. पण तुमचे हात हुशार होते. कुणाचा मुरगळलेला पाय तेलानं चोळून बरा करायचात. चालत्या सुतावरून अंगठा फिरवून एक तुटलेला तंतू तुम्ही सांगायचात, तिथे सुपरवायझरला चष्मा लावूनही दिसायचा नाही.

माझा डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. गणपती नुकतेच गेले होते. "कोठे दुखस, माय?" म्हणून तुम्ही माझा पाय मांडीवर घेतलात, गुडघ्याच्या वर अंगठ्यानं चाचपलंत आणि थांबलात. आईला म्हणालात, "हे लचकीसारखं लागत नाही." इतकी माणसं चोळून झाली होती, पण माझ्या पायाला तुम्ही तेल लावलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मला कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी चिठ्ठी दिली, सरकारी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा म्हणून. तुमची शिफ्ट होती, मी एकटीच गेले. दुपारी येऊन सांगितलं, "नॉर्मल आहे. नस आखडलीय म्हणाले." तुमचा चेहरा असा मोकळा झाला, की मला तो अजून दिसतो. "मग आपलंच काम शे," म्हणालात आणि तिळाचं तेल गरम करायला लावलंत. त्या दिवसापासून दिवाळी होईपर्यंत, रोज शिफ्टवरून आलात की आधी माझा पाय. मी ओरडायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "थोडं सहन कर, नस मोकळी होतेय."

दिवाळीनंतर गुडघा नारळाएवढा झाला. वापीहून गाडीनं मुंबईला गेलो, तपासण्या झाल्या, हाडाचा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी पायावरून हात फिरवत विचारलं, "याला कुणी मालिश केलीय का?" तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात, शाळेत उभं राहावं तसे. "मी चोळला, साहेब. मीच चोळला." डॉक्टर चिडले. अशा गाठीवर कधी मालिश करतात का, दोन महिने वाया घालवलेत, आधी आला असतात तर पाय वाचवायचा काहीतरी प्रयत्न करता आला असता. तुम्ही ऐकून घेतलंत. मग हळूच म्हणालात, "तेव्हा एक्स-रे चांगला होता, साहेब." त्यांनी फिल्म मागितली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, "फिल्म त्यांनी दिली नाही." डॉक्टर पुढचं लिहायला लागले. बाहेर बाकावर बसल्यावर तुम्ही स्वतःशीच हिशेब जुळवत होतात. "एक्स-रेत काही नव्हतं. मग मी चोळलं. मग गाठ आली." मी शेजारीच होते, आप्पा. मी ऐकलं.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. केमो, गेलेले केस, आणि मग मांडीच्या मध्यापासून गेलेला पाय. एक दुपार मात्र परत सांगते, कारण तिच्याबद्दल आपण कधी बोललो नाही. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. नसलेल्या पायाची बोटं कुणीतरी पिरगाळतंय असं मला होत होतं आणि मी रडत होते. तुम्ही सवयीनं पलंगाच्या पायथ्याशी आलात आणि पाय दाबायला हात पुढे केलेत. हात चादरीवर पडले, सपाट चादरीवर. तुम्ही चटका बसल्यासारखे ते मागे घेतलेत. मी म्हणाले, "असू द्या, आप्पा, तिथेच दाबा, बरं वाटेल." तुम्ही मान हलवलीत. "माझे हात नको." त्यानंतर माझं बँडेज आईनंच बांधलं. नकली पाय आला, मी दोन दांड्यांच्या मधून पहिली पावलं टाकली, आणि तुम्ही समोर हात पाठीमागे बांधून उभे होतात. मी पडले तेव्हा थेरपिस्टनं उचललं. मला तुमचा राग आला होता. खरं सांगते, तेव्हा मला तुमचाच राग यायचा, तो मला सोयीचा होता.

सिल्वासाला परत आल्यावर तो वेल्डर एका सकाळी येऊन गॅलरीत पालथा पडला. तुम्ही आतूनच सांगितलंत, "आता नाही जमत." त्याला थट्टा वाटली. "क्या चाचा, हम से क्या गलती हुई?" तुम्ही दार लोटून घेतलंत आणि कामावर जायची वेळ होईपर्यंत बाहेर आला नाहीत. नंतर कुणी आलं नाही. दोन वर्षांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटावर बसला असताना तुम्ही गेलात. हार्ट, म्हणाले. तुम्हाला घरी आणलं, बायका पाया पडत होत्या. मला खाली बसता येत नाही म्हणून आईनं खुर्ची दिली. मी खुर्चीतून वाकले आणि तुमचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. भेगाळलेली टाच, गार. तेव्हा सांगायचं मनात होतं. इतकी माणसं होती. नाही सांगितलं.

मी बरी आहे. तुमच्या कारखान्याच्याच रांगेतल्या दुसऱ्या कारखान्यात लॅबला आहे. प्रत्येक कोनाच्या सुताचा आम्ही एक लांब मोजा विणतो, रंगवतो, रंग सारखा न बसता पट्टा उमटला की सूत नापास. एका पायाची मुलगी दिवसभर मोजे विणते, असं मीच म्हणते, म्हणजे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत झालेलं बरं. तीनचाकी करून घेतलेली स्कूटर आहे. दमणगंगेच्या पुलावर वारा असला की पाय तिथून दुखतो जिथे तो नाही. त्या वेळी मला तुमचे हात हवे असतात. खूप हवे असतात, आप्पा.

तर आता ते. एक्स-रे मी काढलाच नव्हता. दवाखान्यात गेले होते, रांग लांब होती. चार दिवसांवर नवरात्र होती. मैत्रिणींबरोबर चनिया-चोळी शिवून झाली होती, आणि फोटोत काही निघालं तर तुम्ही मला गरब्याला जाऊ देणार नाही हे मला माहीत होतं. मी अर्धा तास बाकावर बसले आणि उठून आले. एक्स-रेत काही नव्हतं असं नाही, कुणी बघितलंच नव्हतं. गाठ तुमच्या हातांनी आणली नाही. ती तुमच्या अंगठ्याला पहिल्याच दिवशी लागली होती, आणि मी तुम्हाला खोटं सांगून तेल गरम करायला लावलं. कारखान्याच्या डॉक्टरांची ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात, चनियाच्या घडीत आहे.

आई अजूनही कुणी विचारलं की सांगते, "यांनी चोळलं ना, म्हणून वाढलं." रागानं नाही सांगत, नशिबाचं सांगावं तसं सांगते. मी समोर बसलेली असते. आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, एवढं काय लिहितेस म्हणून. मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, लॅबचं काम आहे. तुमच्यासारखाच तिनंही लगेच विश्वास ठेवला.