दोन इंची नळीसाठी काडतूस

१४ सप्टेंबर २०१३, शनिवार

तीन गोळ्या. एका वाशबेअरला तीन! पहिल्या गोळीनंतर तो जो ओरडला, ते पोथी वाचताना कानात शिरलं आणि अजून बाहेर पडलेलं नाही.

हा प्राणी म्हणजे इंग्रजीतला रॅकून – तोंडावर दरोडेखोराचा काळा पट्टा, शेपटीवर कडी, आणि हात थेट माणसाचे. जर्मनीतल्या या कासेलच्या आसपास मतदार यादीत घालावेत इतके झालेत. आमच्या माळ्यावर बिऱ्हाड थाटलं, छतातला कापूस उपसला, गणपतीच्या मखरावर घाण केली. सुनेत्रा म्हणाली, "अहो, आता तरी काही कराल का?" केलं. शेजारच्या हेर – म्हणजे इथले श्रीयुत – ड्योरिंगना सांगितलं. पंच्याहत्तरीचे शिकारी. परवाना, सापळा, सगळं शिस्तीत. पिंजऱ्यातल्या जनावरासाठी त्यांच्याकडे पॉइंट टू-टूचं छोटं रिव्हॉल्व्हर आहे – नळी माझ्या अंगठ्याएवढी.

म्हणजे हुकूम माझा, गोळी त्यांची. चित्रगुप्ताकडेही जर्मन कारभार असेल तर दोन स्वतंत्र फायली उघडल्या जातील.

पिंजरा खाली बागेत आणून मारलं, तेव्हा आमची लेक ऊर्जा तिथेच होती. आत आली, जेवली नाही. एकच वाक्य बोलली, तेही जर्मनमध्ये – असं परत होता कामा नये.

१५ सप्टेंबर

ड्योरिंग केक घेऊन आले. जनावर हाल होऊन मेलं की इथे केक आणतात, हे नव्यानेच कळलं. "आल्झो, तर मग हेर गावंडे, दोष काडतुसाचा आहे. तुम्ही कारखान्यात गिअरबॉक्स तपासता ना? मग मला काडतूस तपासून द्या."

मुंगीवर पाय पडला तर देवाचं नाव घेणाऱ्या माणसाला हे काम! तरी हो म्हणालो. त्या ओरडण्यामुळे. अट घातली – एका गोळीत काम होईल अशी खात्री पटेपर्यंत सापळा बंद.

सुनेत्रा म्हणाली, "आता पापाचा वेग मोजणार का?"

हो. मीटर प्रति सेकंद.

५ ऑक्टोबर

गावच्या नेमबाजी क्लबात. ते झाडतात, मी वेगमापकापाशी आकडे टिपतो.

सगळ्यात महाग डब्यावर विजा आणि रानडुक्कर. आत हरभऱ्याएवढी गोळी! डब्यावर वेग चारशे मीटर. आमच्या नळीतून जेमतेम पावणेतीनशे. डब्यावरचा आकडा रायफलीच्या लांब नळीचा असतो, म्हणे. लग्नाच्या माहितीपत्रकात उंची बुटासकट लिहितात, तसंच. इवल्याशा नळीत दारू पुरती जळतच नाही. उरलेली बाहेर येऊन दिवाळी साजरी करते. उजेड, आवाज, धक्का – सगळं मिळतं, वेग सोडून.

साधं, स्वस्त, मंद काडतूस त्याच्या फारसं मागे नाही. गोळी जड, आणि नेम धरला तिथेच लागते. त्यावर कुणी वीज काढलेली नाही, म्हणून कुणी घेत नाही.

२ नोव्हेंबर

टक. आणि शांतता.

या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. घोडा त्या कडेवर जोरात बसायला हवा. तिसऱ्या कंपनीचं पितळ इतकं कडक की आमच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा घोडा नुसता दार वाजवून परत येतो. ड्योरिंग नळी समोर धरून तसेच थांबले – उशिरा उडालं तर? मी नामस्मरण करत थांबलो. हीसुद्धा एक सुरक्षा पद्धत आहे.

तिसरी कंपनी बाद.

जाताना ड्योरिंगनी विचारलं, "घोडा आधी मागे ओढून मारलं तर चाप हलका होतो. लहान हाताला जमेल, नाही?" माझ्या हातांकडे बघत. स्वतःचे फावड्यासारखे आहेत म्हणून काय झालं!

१२ नोव्हेंबर

ऊर्जा मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी कुर्सला, कसल्याशा वर्गाला जाते. कसला? "श्पेटर, बाबा." नंतर सांगेन, म्हणे. गाडीचा असणार. अठरा झाली की इथे मुलांना चाकं फुटतात.

११ जानेवारी २०१४

एकादशी. उपास करून बंदुकीशेजारी उभं राहिलं तर चालतं का? शास्त्रात हेसेन राज्याविषयी काही सापडलं नाही.

आज रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायला लावलं. स्वस्त डबा, सगळी भोकं एका रुपयाएवढ्या जागेत. मग तेच काडतूस, तेच अंतर, पिशवी काढून. कागदाची चाळणी झाली. एक गोळी तर शेजारच्या कागदावर.

मग त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. इतके दिवस मी गोळीचा वेग बघत होतो.

थरथरतो. फार नाही, पण पिंजऱ्यातल्या जनावराला तेवढं पुरतं.

बायको गेल्यावर या माणसाकडे शिकारच उरली आहे. ती मी काढून घ्यायची? एका गिअरबॉक्सवाल्याने? परतताना गाडीत हवामानावर बोललो. फार सखोल बोललो.

२५ जानेवारी

सांगितलं. काडतुसात दोष नाही म्हणालो, हात हलतो. सुनेत्राने दिलेला शिरा त्यांच्या पुढ्यात तसाच.

"या, वाइस इश." माहीत आहे, म्हणाले. "हात हा माझा प्रश्न. तुम्ही काडतूस सांगा."

साधा डबा सांगितला. जड, मंद, शिशाची गोळी. त्यांनी नाव लिहून घेतलं आणि शिरा संपवला. हट्टी म्हातारा! सगळं माहीत असून मारणार.

१ मार्च

सापळा पुन्हा लावला. माळ्यावर नव्हे, बागेत. मी नको म्हणालो होतो. "गेनाऊ," अगदी बरोबर, म्हणाले, आणि लावला. सुनेत्राही त्यांच्याच बाजूची. सकाळपासून प्रार्थना करतोय की काही अडकू नये. वाशबेअरांसाठी साकडं घालणारा भक्त देवाने प्रथमच पाहिला असेल.

८ मार्च

पूजेला बसलो होतो. बागेतून आवाज. एक. हातातलं फूल तसंच धरून दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही. ओरडणंही नाही. म्हाताऱ्याच्या हाताला यश दिलंस, म्हणालो देवाला, आणि त्यांना चहाला बोलवायला उठलो.

ड्योरिंग आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. दोन्ही हातांनी कप धरून, आणि तरी तो बशीवर वाजत होता. सुनेत्रा माझ्याकडे बघेना.

"हात लहान आहे," ते म्हणाले. "पण हलत नाही. शिकारीच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत पास."

मागचं दार उघडलं. ऊर्जा. डोळे लाल.

"एकच लागली, बाबा," ती म्हणाली. मराठीत.