आत्याची शिकवणी

३ जून
आत्या आली. मला 'बाई' बनवायला म्हणे! अठरा वर्षं मी काय शेळी होते? तीन बॅगा, अत्तराचा भपका, आणि दारातच बाबांपुढे—सख्ख्या धाकट्या भावापुढे—गुडघे टेकून नमस्कार. शी.

५ जून
आजचा धडा: नवऱ्याच्या हातात पाणी कसं द्यायचं. दोन तास! कम्पालाहून विद्यापीठाचं पत्र आलंय, गुरांची डॉक्टर व्हायला मला जागा मिळालीय—ते बाबांनी कपाटावर भिरकावलंय. आत्या त्यावर चकार शब्द काढत नाही. "बोटं ओली दिसता कामा नयेत, पोरी." आई शेजारी बसून केळी सोलते नि माना डोलावते. दोघी एकाच माळेच्या.

११ जून
नवरदेव बघून गेला. सेकिटो. मसाक्यात सिमेंटचं दुकान, वय चव्वेचाळीस. पहिली बायको पळून गेली—शहाणी! माझ्याकडे बघत बाबांना म्हणतो, "बारीक आहे. पण भरेल." गाय घेणारासुद्धा तिच्या तोंडाकडे बघतो. आत्याने हसत हसत त्याला पुन्हा शेंगदाण्याचं कालवण वाढलं. लाचार बाई!

१२ जून
आत्याला स्पष्ट सांगितलं, मला तो नको. म्हणाली, "खांदे सरळ कर. गोमेसी नीट बसत नाहीये." बस्स. झग्याचे खांदे! हिच्या डोक्यात देवाने काही घातलेलंच नाही.

२९ जून, शनिवार
मांडवात दोनशे माणसं. सेकिटोकडचे पुरुष समोर रांगेने, सगळे पांढऱ्या झग्यात. त्यांतून नवरा मुलीच्या आत्याने ओळखायचा, हार घालायचा—की लग्न ठरलं. आत्या हार घेऊन निघाली. सेकिटोने आधीच मान पुढे केली. ती त्याच्यासमोरून गेली. रांगेच्या टोकापर्यंत गेली. परत आली. लोक हसले, वाटलं थट्टा चाललीय. ती बाबांसमोर बसली.
"ह्यातला एकही माझ्या ओळखीचा नाही."
"ताई, पुरे झाली चेष्टा!"
"चेष्टा नाही. अनोळखी माणसाला मी आपली मुलगी देणार नाही."
अगदी हळू बोलली. तरी मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं. बाबा ओरडले, मांडवातली म्हातारी माणसं विनवण्या करून थकली. ती जागची हलली नाही. शेवटी सेकिटोकडच्यांनी माझ्या बदल्यात आणलेली गाय पुन्हा ट्रकमध्ये चढवली.

३० जून
बाबांनी आत्याला घर बंद केलं. कायमचं. ती मोटरसायकलवर बसत होती, तेव्हा मी धावत गेले. का केलंस, विचारलं.
"मी पंधरा वर्षांची होते," ती म्हणाली. "माझ्या आत्याने सरळ जाऊन हार घातला."