साहेबाच्या लिलावातली आगगाडी

अमरावती,
१४ फेब्रुवारी १९३७

प्रिय सिंधू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. वैधव्यानंतर तू माझ्या मनाविरुद्ध पुन्हा लग्न करून चंद्रभानरावांबरोबर अकोल्याला गेलीस, त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळही लिहिली नाही. आज 'चिरंजीव' लिहायला हात धजला नाही, म्हणून 'प्रिय'.

माझी नोकरी संपली. शाळेबाहेर चित्रकलेच्या मास्तराला कोण विचारतं? माणिकबाई स्वैपाक करतात, पोळ्या झाकून जातात. त्यानंतर घरात आवाज असतो तो माझ्याच खोकल्याचा.

दिवाळीनंतर कॅम्पातला एक साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावात वकील मंडळी कपाटं-खुर्च्यांवर तुटून पडली होती. मी एक लाकडी खोकं घेऊन आलो. आत चावीची आगगाडी होती: इंजिन, तीन डबे, पत्र्याचे रूळ. साहेबाच्या मुलाच्या लहानपणची असावी. एक डबा चेपलेला, चाकं गंजून घट्ट, चावी फिरेना. लोक हसले. ती का आणली, हे मलाही सांगता आलं नसतं.

तीन महिने तिच्यातच गेले. चाकं घासलेटात भिजत घातली. चेपलेला पत्रा ठोकळ्यावर धरून हलक्या हातानं सरळ केला. डब्यांचा हिरवा रंग जुळवताना चारदा चुकलो, पण खिडक्यांखालची सोनेरी रेघ ओढताना हात कापला नाही, याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! इंजिन मात्र हलेना; वाटलं, आतली स्प्रिंग तुटली. शेवटी गोवर्धन घड्याळजीकडे नेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, कमान तुटली नाई. तुमी चावी उलटी फिरवून राह्यले. काहून इतका जोर करता?" मी हसलो. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

परवा सकाळी माजघरात रूळ मांडले, चावी दिली. गाडीनं कुठेही न घसरता अख्खी फेरी मारली आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "सिंधे, लवकर ये, बघ!" माणिकबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "कोनाले बोलावून राह्यले, मास्तर?" मी गाडीकडे बोट दाखवलं. त्या एक फेरी बघून आत गेल्या.

तेव्हापासून ठरवतोय. तुला बोलवायचं, तर आधी एक सांगायला हवं. आई गेल्यावर पाचव्या दिवशी, कोणाकडून तरी कळून, तू आलीस. मी म्हणालो, तार केली होती, कुठेतरी गहाळ झाली असेल. तू ते खरं मानलंस. सिंधू, मी तार केलीच नव्हती. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर होती. सारखी विचारायची, "सिंधू निघाली का?" आणि मी सांगायचो, "निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलत असेल." ती दाराकडे तोंड करून पडून राहायची. माझ्यावर विश्वास ठेवून गेली. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. चंद्रभानरावांना हे पत्र जरूर वाचून दाखव. माफी मी मागत नाही, ती मिळण्याजोगं मी काही केलेलं नाही. पण संताप आला, तर तो अकोल्यात गिळून बसू नकोस. इथे येऊन माझ्या तोंडावर बोल. तेवढ्यासाठी तरी ये.

तुझाच,
नाना