ओ लिहिलेलं कार्ड

विश्रांतवाडी, पुणे
६ जून २०२५

चि. पूर्वास,
आजी प्रेमलाचा सप्रेम जयभीम.

पत्र शेजारची चैताली लिहितेय. फोन केला असता, पण स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि लावला की अख्खी गल्ली सल्ला देते.

तू नागपूरला रक्तपेढीचं शिकायला गेलीस, स्वतःचं रक्त तपासलंस आणि मी ए निघाले, आईबाबा दोघंही ओ, गंमतच आहे, असं हसत कळवलंस. गंमत इथे पोचली. दोन ओंना ए होत नाही, असं तुझ्या बापाला, अभयला, कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो तुझ्या आईशी, दीपालीशी, बोलत नाही. ती वाढते, तो ताट अर्धं फिरवतो आणि उठतो.

आपण भूतबित मानत नाही. विहारात मीच पोरींना दटावते. पण असं ताट फिरवणारा माणूस मी आधी पाहिलाय. अभय बारा वर्षांचा असताना तापाने दवाखान्यात होता. कार्डावर ओ आलं. तुझे आजोबा एबी. एबीला ओ होत नाही, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलंच. पुढची अकरा वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत, मग गेलेच. आता संध्याकाळी दारात तेच खोकतात, अभयच्या चपला घालून.

तुझ्या पुस्तकात दुसरी काही वाट असेल तर कळव. दीपालीने बॅग भरलीय. चैताली म्हणते हे लिहू नका. तिला म्हटलं, पेन तुझं, अक्कल माझी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी


नागपूर
१२ जून

ती. आजीस,
पूर्वाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ते हसणं परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. चैताली, हे सावकाश वाच.

वाट आहे. ए आणि बी या भिंती समज. त्या उभ्या राहायला खाली एच नावाचा पाया लागतो. क्वचित एखाद्याकडे पायाच नसतो. मग रक्तात ए असूनही दिसत नाही, आणि साध्या तपासणीत ओ लिहिलं जातं. त्याला बॉम्बे ग्रुप म्हणतात. बाबा तसे असतील, तर आजोबांचा ए त्यांच्यात लपून राहिला, आणि आईकडून मला पाया मिळाल्यावर माझ्यात दिसला.

पाया नसणं एकट्याकडून येत नाही. आईबाप दोघांनीही तो दोष दिला तरच. तू आणि आजोबा मामेआतेभावंडं ना? मग एकाच घरातून दोघांकडे आला असेल.

एच तपासायला बाबांनी हात पुढे करायला हवा. फोनवर म्हणाले, गरज नाही. आणि तपासेपर्यंत त्यांना कुठेही साधं ओ रक्त चढवू देऊ नका, जिवावर बेतेल.

आईला म्हणावं, थोडं थांब.
तुझीच, पूर्वा


विश्रांतवाडी
२९ जून

चि. पूर्वास, आजीचा जयभीम.

अक्षर ओळखलंस? तुझ्या बापाचं आहे. आज मी सांगणार, तो लिहिणार, अशी अट घातलीय.

तपासायला का जात नव्हता ते त्याने कबूल केलं. त्या दवाखान्यात खाटेवरून त्याने सगळं ऐकलं होतं. बाबांचंच खरं निघालं तर आई, तुझं काय करू, म्हणाला. म्हणजे एकेचाळीस वर्षं यालाही खात्री नव्हती. हेही लिही, म्हटलं. लिहिलंय बघ.

मग मीच रक्तपेढीत जाऊन आधी माझं बोट पुढे केलं. लाजेने आला. काल निकाल लागला: एच नाही. तिथल्या मॅडमनी याला नवरदेवासारखं बसवलं, असं रक्त सापडत नाही म्हणून नंबर घेतला.

आता कुणाला न सांगितलेलं. शेवटच्या दिवशी तुझे आजोबा अकरा वर्षांनी बोलले. अभय कुणाचा, एवढंच विचारलं. तुमचा, एवढंच म्हणायचं होतं. मला अपमान वाटला. मी तोंड भिंतीकडे केलं. वळून पाहिलं तेव्हा ते गेले होते. अजून रोज विचारतात. काल रिपोर्ट हातात धरून सांगितलं, तुमचाच. तरी आज पहाटे पुन्हा विचारलं.

इथून चैतालीचं अक्षर आहे. तुझा बाप पेन ठेवून स्वयंपाकघरात गेला. दीपालीची माफी मागतोय, भिंतीआडून चैतालीला ऐकू येतंय. मी इथूनच सांगितलं, दीपाली, नाही म्हणायचं असलं तरी म्हण, पण तो ऐकतोय तोवर म्हण.

तिचं उत्तर यायचंय, ते लिहायला चैतालीला थांबवून ठेवलंय.

आहे ती माया राहू दे.
प्रेमला (अंगठा)